बंडी रिकामी फिरवू नकोस

बाबू, तणस विकायची बोलणी झाली, असं सूनबाई सांगत होती. माघातली बालाजीची घोडायात्रा तोंडावर आली आहे. पोरांना चिमूरला न्यायचं, कपडेलत्ते घ्यायचे, हातात चार पैसे हवेत, हे मला कळतं. पण व्यापाऱ्याचा ट्रॅक्टर खळ्यावर लागायच्या आधी या मोठेबाबाचं थोडं ऐकून घे. बुटीबोरीची नोकरी सोडून तू बांधीत उतरलास, त्याचा मला फार आनंद आहे, म्हणूनच बोलतो. तीस वर्षं मी शाळेत पोरांना हिशेब शिकवला आणि सुट्टीच्या दिवशी शेती केली. आज शेतीचाच हिशेब मांडू.

एकरी १५ क्विंटल धान झाला असं धर. एक टन धान पिकतो तेव्हा दाणा आणि तणस मिळून जमिनीतून १५ ते २० किलो नत्र उचललं जातं, स्फुरद २-३ किलो आणि पालाश पुन्हा १५ ते २० किलो. आता यातलं दाण्यात किती जातं आणि तणसात किती राहतं, ते बघ. नत्र आणि स्फुरद बरंचसं दाण्यात जातं. पालाशाचं मात्र उलटं आहे, त्याचे शंभरातले ऐंशीहून जास्त भाग तणसातच राहतात. म्हणजे तुझ्या एका एकराच्या तणसात १८ ते २४ किलो पालाश आहे. पोटॅशच्या ५० किलोच्या पोत्यावर ६० टक्के लिहिलेलं असतं, पण ते ऑक्साइडच्या हिशेबानं. नुसतं पालाश मोजलं तर पोत्यात २५ किलोच निघतं. तेव्हा एका एकराचं तणस विकणं म्हणजे पाऊण ते एक पोतं पोटॅश विकणं. वर नत्राचा जवळजवळ चाळीस टक्के वाटा त्यातच जातो, तो वेगळा. व्यापारी तुला तणसाचा भाव देतो, पोटॅशचा देत नाही.

माझा पहिला कानमंत्र एवढाच आहे. बांधीतून बंडी भरून जे बाहेर गेलं, ते कुठल्या वाटेनं परत येणार, हे आधी ठरव आणि मगच बंडी हाक. दाणा विकावाच लागतो, त्यासाठीच तर शेती करतो. तणस, कोंडा, शेण, गोमूत्र, चुलीची राख हे सगळं परत आलं पाहिजे.

तू म्हणशील, आबाजींच्या काळात कुणी असला हिशेब मांडला नाही, तरी धान पिकत होताच. खरं आहे. पण तेव्हा आपल्या बांधीची उधारी जंगल फेडत होतं. घरी बावीस-चोवीस गुरं होती. सकाळी गुराखी ती रानात न्यायचा, दिवसभर गवत-पाला खाऊन संध्याकाळी ती गोठ्यात यायची आणि रातभर शेणमूत गोठ्यातच पडायचं. म्हणजे रोज संध्याकाळी चोवीस जनावरं जंगलातलं नत्र, पालाश, स्फुरद पोटात भरून आपल्या घरी आणून टाकायची. त्याला पैसा लागत नव्हता, म्हणून त्याची नोंदही कुणी ठेवली नाही. आज गुराखी मिळत नाही, वाघाच्या भीतीनं रानात गुरं धाडायला मन धजत नाही, चिखलणी ट्रॅक्टरनं होते. आपल्या गोठ्यात दोन बैल आणि एक गाय उरली. जंगलाची वाट बंद झाली आणि त्याच वर्षांत आपण तणसही विकायला काढलं. दोन्हीकडून खड्डा पडतो आहे आणि तो आपण एकट्या युरियानं बुजवायला निघालो आहोत.

आता युरियाचं सांगतो. मी युरियाच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तू मला जुन्या वळणाचा म्हातारा समजशील. धानाची शिफारस साधारण हेक्टरी १००:५०:५० ची, म्हणजे एकरी ४० किलो नत्र, २० स्फुरद, २० पालाश. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का असतं. एकरी दहा बंड्या, म्हणजे पाच टन खत टाकलं, तर नत्र मिळालं २५ किलो, आणि त्यातलंही पहिल्या वर्षी पिकाच्या हाती लागतं ते तिसरा-चौथा हिस्सा. बाकीचं मातीत मुरतं आणि पुढच्या सालांत हळूहळू सुटतं. तेव्हा नुसत्या शेणखतावर आजच्या वाणांचा धान पोसत नाही. पण नुसत्या युरियावर मातीही पोसत नाही. ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं आणि डीएपीसाठी १३५० रुपये मोजावे लागतात. माणसाचा हात मग स्वस्ताकडे जातो. त्यात युरियानं चार दिवसांत बांधी हिरवीगार दिसते, शेजारी धुऱ्यावर उभा राहून वाखाणतो. त्या हिरव्या रंगानं भल्याभल्यांना फसवलं आहे, मलाही.

ते साल मला चांगलं आठवतं. रोवणी उशिरा झाली होती, पीक मागे पडलं म्हणून मी घाईनं दोनदा युरिया फेकला, तोही धान पोटरीत आल्यावर. पोटॅश त्या साली टाकलाच नाही, पैसे वाचवले. पोळा झाला तोवर बांध्या अशा काळ्याभोर हिरव्या की बघत राहावं. पुढं ढगाळ हवा लागली, बुडाशी तुडतुडे बसले आणि आठ दिवसांत बांधीच्या मधोमध गोल गोल जळके चट्टे पडले. जो वाचला तो दाणा भरता भरता आडवा झाला. तुझी मोठीआई बांधीत उभी राहून रडली. जास्त नत्रानं पान लुसलुशीत होतं, किडीला तेच हवं असतं. पालाश नसला की काडी पोचट राहते. पाचवीच्या पुस्तकात शिकवावं इतकं सोपं हे, पण मला ते त्या साली शिकावं लागलं.

म्हणून नत्र तीन हप्त्यांत दे. अर्धं रोवणीच्या वेळी, पाव फुटवे धरताना, पाव लोंबी पोटात धरायच्या सुमाराला. निसवल्यावर युरियाला हात लावू नकोस. आणि फेकायचं कसं, हे त्याहून महत्त्वाचं. बांधीत टोंगळाभर पाणी असताना वरून फेकलेला युरिया भर उन्हात वाफ होऊन हवेत जातो. तो मातीच्या वरच्या थरात नायट्रेट झाला आणि खाली बिनहवेच्या गाऱ्यात उतरला, तर तिथले जीवाणू त्याचा वायू करतात, तोही उडून जातो. असं करता करता फेकलेल्या नत्रातलं पिकाच्या वाट्याला तिसरा हिस्सा आला तरी पुष्कळ. तेव्हा आधी पाणी काढ, गारा ओला राहू दे, मग युरिया टाक आणि एक-दोन दिवसांनी पाणी घे. आभाळ भरून आलं असेल तर पोतं उघडूच नकोस. आमच्या वेळी आम्ही युरिया ओलसर मातीत किंवा निंबाच्या ढेपेत रातभर मुरवून ठेवायचो. आता निंबाचं आवरण लावूनच येतो, तेवढी तुझी मेहनत वाचली. पानाचा रंग डोळ्यानं ठरवू नकोस. कृषी सहायकाकडून रंगाची पट्टी घे, सर्वांत वरच्या पूर्ण उमललेल्या पानाचा मधला भाग तिच्यावर ठेव आणि स्वतःच्या अंगाची सावली पाडून बघ. उन्हात रंग फसवा दिसतो.

याहून चांगली एक पद्धत आहे, पण तिला मजूर जास्त लागतात. डॉ. नारायण सावंत यांनी कोकणासाठी बसवलेली चारसूत्री. तणस आणि तुसाची राख जमिनीला परत द्यायची, गिरिपुष्पाचा हिरवा पाला गाडायचा, रोवणी दोरीवर जोडओळीत करायची, म्हणजे १५ सेंटिमीटर आणि २५ सेंटिमीटर अशी आळीपाळीनं, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी हातानं खोल दाबायची, त्याच दिवशी. गोळी २.७ ग्रॅमची. एकराला २५ हजार गोळ्या लागतात, वजनानं ६७-६८ किलो. गोळी खाली गाऱ्यात असल्यामुळे नत्र वर येऊन उडत नाही, मुळं तिच्याकडे जातात. सगळ्या बांध्यांत हे करायला जाऊ नकोस, बायका रोवणीला आधीच पुरत नाहीत. घराजवळच्या एका बांधीत कर, तिथं पाणी तुझ्या हातात आहे. आणि गिरिपुष्प मात्र या पावसाळ्यात सगळ्या धुऱ्यांवर लाव. खुंट लावले की दोन-तीन वर्षांत पाला मिळायला लागतो. बोरू किंवा धैंचा गाडणं उत्तमच, पण त्याला रोवणीआधी दीड महिना ओल हवी. तलावाचं पाणी लागतं त्या बांधीतच ते जमतं. आपल्या वरच्या बांध्यांत मृगाच्या भरवशावर बोरू पेरशील तर रोवणीच मागे जाईल.

माती सगळीकडे सारखी नाही, हे तर तुझ्या बापानं तुला दाखवलंच असेल. खालच्या दोन बांध्या कन्हार, काळ्या आणि चिकट. त्या खत धरून ठेवतात. मधल्या मोरांड. वरच्या सिहार आणि टेकाडाला लागून बरडी. सिहार पिवळसर आणि भुसभुशीत, तिच्यात टाकलेलं नत्र पाण्याबरोबर खाली उतरतं. तिथं हप्ते आणखी लहान कर, तीनाच्या जागी चार, आणि शेणखताची पहिली बंडी नेहमी तिथंच रिकामी कर. लोक जवळच्या बांधीत खत टाकतात, बैलांना चढ नको म्हणून. त्यामुळे आपल्या गावात घराजवळची बांधी माजते आणि टेकाडाची उपाशी राहते. मामा तलावाचा, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचा, गाळ निघाला तर तोही सिहार-बरडीतच टाक. कन्हारीत गाळ टाकून उपयोग नाही, ती मुळातच चिकट आहे.

डीएपीत स्फुरद भरपूर, पण गंधक नाही. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्केच, पण सोबत गंधक आणि कॅल्शियम दोन्ही येतात. मी दर दोन सालांनी सुपर वापरत आलो. आणखी एक, धानाच्या बांधीत पाणी साचलं की लोहाशी बांधलेलं स्फुरद आपोआप सुटतं, धानाला ते मिळतं. पाणी हटल्यावर ते पुन्हा बांधलं जातं. त्यामुळे धानामागून हरभरा घेशील तर स्फुरदाचा हात हरभऱ्याला सैल सोड. धान कापायच्या दहा-पंधरा दिवस आधी उभ्या पिकात लाखोळी फेकतो, तिला मात्र काही द्यावं लागत नाही. ती गाठींत हवेतलं नत्र धरते आणि उरलेल्या ओलीवर वाढते. ती रोजच्या रोज पोटभर खायची डाळ नव्हे, पण जमिनीला ती चांगलीच.

पानं तांबूस-तपकिरी डागांनी भरली, रोप रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी तिथंच ठेंगणं राहिलं, तर औषधाच्या दुकानात धावू नकोस. तो रोग बहुतेक वेळा जस्ताचा उपवास असतो. पंतनगरला डॉ. यशवंत नेने यांनी १९६६ साली हे दाखवून दिलं. त्याआधी त्याला लोक रोगच समजत. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट पुरतं, म्हणजे तुला एकरी दहा किलो. स्फुरदाच्या खतात मिसळून टाकू नकोस, दोघं एकमेकांना जखडतात.

हे सगळं तू म्हाताऱ्याच्या अनुभवावर मानावंस असं मला वाटत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात १९८८ पासून एकाच शेतात ज्वारी आणि गव्हाचा प्रयोग चालू आहे. तेच वाफे, दरवर्षी तीच खतं. एका वाफ्यात नुसतं नत्र, एकात नत्र-स्फुरद, एकात तिन्ही, एकात तिन्ही आणि शेणखत, एकात काहीच नाही. इतक्या सालांनंतर सगळ्यात वर आहे तो तिन्ही खतं आणि शेणखताचा वाफा, उत्पन्नातही आणि मातीतल्या सेंद्रिय कर्बातही. देशात असे प्रयोग १९७० नंतर ठिकठिकाणी सुरू झाले. झारखंडात रांचीला लाल, आंबट मातीत नुसतं नत्र देत गेले, तर काही सालांनी त्या वाफ्याचं उत्पन्न काहीच न दिलेल्या वाफ्याच्याही खाली गेलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. खत टाकून पीक उपाशी जमिनीपेक्षा कमी यावं! युरियानं माती आणखी आंबट होत गेली आणि बाकीची अन्नद्रव्यं खेचून निघाली. आपली बरडी रांचीच्या मातीची लांबची बहीण आहे, हे ध्यानात ठेव. इंग्लंडात रोथॅमस्टेडला तर १८४३ पासून एकाच शेतात दरवर्षी गहू पेरतात. तिथं शेणखताच्या वाफ्यात सेंद्रिय कर्ब बिनखताच्या वाफ्याच्या दुपटीहून जास्त झाला आहे. पण तो वाढायला पिढ्या लागल्या. तुझ्या हातून एका साली काही दिसणार नाही, म्हणून सोडून देऊ नकोस.

तुझा स्वतःचा प्रयोगही हवा. आपल्या शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे दीड एकराचे धनी. १९८३ साली पटेल-३ च्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, सालोसाल वेगळ्या लावल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला, जो आज आपण सगळे खातो. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. बांधीत रोज जाऊन नीट बघायची सवय होती. तूही मधल्या मोरांडीत एक छोटी बांधी निवड. अर्ध्यात तणसखत आणि तिन्ही खतं, अर्ध्यात नुसता युरिया, मधे धुरा घाल. धान दोन्हीकडचा वेगळा चूर, वेगळा मोज आणि वहीत लिही. मातीचा नमुनाही या उन्हाळ्यात काढ. बांधीत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा, कडेची माती खरवडून एकत्र कर आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भर. धुऱ्याजवळची, झाडाखालची किंवा जिथं खताचा ढीग होता तिथली माती घेऊ नकोस, ती खोटं बोलते.

आता तणसाचं काय करायचं, ते ठरवू. सगळं बांधीत तसंच गाडू नकोस, विशेषतः रोवणीच्या तोंडावर. कच्चं तणस कुजताना जमिनीतलंच नत्र ओढून घेतं आणि नवी रोपं पिवळी पडतात. अर्धं जनावरांना चाऱ्याला ठेव. पाव गोठ्यात बिछान्याला घाल. गोठ्याची जमीन आपली मातीची, गुरांचं मूत तिच्यात मुरून वाया जातं. जनावरांच्या अंगातून बाहेर पडणारं पालाश बहुतेक मुतातच असतं, नत्राचाही मोठा वाटा तिथंच. शेण आपण जपतो आणि त्याहून मोलाचं वाहून जाऊ देतो. तणसाचा वीतभर थर घाल, रोज सकाळी ओला भाग काढून खड्ड्यात टाक, वर नवं घाल. चुलीची राख मात्र त्या खड्ड्यात टाकू नकोस, राखेनं त्यातलं नत्र उडून जातं. राख वेगळ्या डब्यात साठव आणि पऱ्ह्याच्या वाफ्यावर पसर.

उरलेल्या पाव तणसाचं नाडेप भर. पुसदच्या पांढरीपांडे यांनी ही पद्धत काढली, त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलं. विटांचं टाकं, दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, भिंतीत भोकं ठेवायची म्हणजे हवा खेळते. तणस आणि पालापाचोळ्याचा थर, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, त्यावर चाळलेली माती, असे थर चढवत जा आणि वरून शेणमातीनं लिंपून टाक. भेगा पडल्या की पाणी शिंपडून बुजव. तीन-चार महिने लागतात. माघात भरलं तर मृगाच्या आत काळं, भुसभुशीत खत हाती येतं. आणि बांधीत नेल्यावर ढीग उन्हात तसाच सोडायचा नाही. पसरलं त्याच दिवशी नांगर फिरला पाहिजे.

विटा गोठ्यामागं आहेत, जुन्या भिंतीच्या. यात्रेचे पैसे मी देतो, तू व्यापाऱ्याला फोन करून नाही म्हण. उद्या पहाटे बंडी जुंप आणि खळ्यावरचं तणस गोठ्याकडे आणायला लाग. पहिल्या खेपेला मीही येतो.